शेवटच्या दिवशी आधी पाठीवरचं ओझं उतरवा

छत्रपती संभाजीनगरातला शेवटचा दिवस आहे आणि गाडी रात्रीची, तर सकाळीच सॅक लॉजवाल्याकडे ठेवून मोकळे व्हा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप हवंच, बिनकुलपाची घेत नाहीत. वेरूळ-अजिंठ्याचा मोह मात्र आवरा. शेवटच्या दिवशी तिकडे नुसती धावपळ होते (शिवाय वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद).

त्यापेक्षा उन्हं चढायच्या आत बीबी का मकबरा आणि मग पाणचक्की बघा. मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर इथलं जातं फिरायचं. हौदाजवळच्या जुन्या वडाखाली बसा आणि सोबत्याबरोबरचा प्रवासाचा हिशेब तिथेच मिटवा: रिक्षा, जेवण, तिकिटं, सगळं. फोटोही लगेच एकमेकांना पाठवा. प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की हिशेब अर्धाच राहतो आणि निरोपही धड घेता येत नाही, हे मी अनुभवलंय.

हिमरू (इथलं सूत-रेशमाचं नक्षीदार विणकाम) शाल घ्यायची असेल तर उलटी करून बघा, खऱ्या हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे दिसतात. संध्याकाळी दोघांनी एका ताटात नान-खलिया (नान आणि मांसाचा रस्सा) खा. गाडीच्या तासभर आधी सॅक ताब्यात घ्या.