फिरत्या हार्डडिस्कवरची गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ

खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी, वहीगायन या तिथल्या लोकगायनाची रेकॉर्डिंग आणि घरातल्या चार लग्नांचे व्हिडिओ एकाच हार्डडिस्कवर असतात. ती धुळ्याहून सुरतेला मामांकडे जाते, तिथून भुसावळला येते आणि नव्या कॉम्प्युटरला लावली की प्लेलिस्टमधलं एकही गाणं सापडत नाही. फाईली जागच्या जागी असतात. फक्त विंडोजने डिस्कला एका घरी ‘ई’ अक्षर दिलेलं असतं, दुसऱ्या घरी ‘जी’, आणि प्लेलिस्टमध्ये पत्ता ‘ई’पासून लिहिलेला असतो. म्हणून कुठल्याही फाईलचा पत्ता डिस्कच्या आतूनच सुरू झाला पाहिजे, आणि वाजवणारा प्लेअरही तिच्यावरच हवा.

सुरुवात फॉरमॅटपासून. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी सामान दुसरीकडे काढून ठेवा. फॉरमॅट करताना विंडोज डिस्कवर फाईली मांडायची पद्धत विचारतो. त्यातली फॅट३२ नको, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. एक्सफॅट मॅकवरही चालतं, पण त्याला नोंदवही, म्हणजे जर्नल नसतं; कॉपी चालू असताना लाईट गेली तर आख्खे फोल्डर बिघडू शकतात. खेड्यापाड्यात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे घरी विंडोज असेल तर एनटीएफएस घ्या. मात्र टीव्ही ते वाचतो का, हे रिकाम्या डिस्कवर एक व्हिडिओ टाकून आधीच बघून घ्या. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, दुकानदाराने फसवलेलं नाही.

फोल्डरची नावं छोटी ठेवा. विंडोजमध्ये फोल्डर आणि फाईल मिळून पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपुढे गेला की बरेच प्रोग्रॅम अडतात. देवनागरी नावं कॉम्प्युटरवर नीट दिसतात, पण जुन्या टीव्हीवर त्यांचे चौकोन होतात. म्हणून फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्याने सुरू होणारं ठेवा, आणि गाण्याचं खरं नाव, गाणाऱ्याचं नाव, गाव हे एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅमने टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आतल्या माहितीत, देवनागरीत भरा. कानबाईच्या गाण्याला गावाचं नाव जरूर लिहा. एकाच गाण्याचे शब्द गावागणिक बदलतात आणि पुढे तोच फरक शोधावासा वाटतो.

आता प्लेअर. व्हीएलसी या मोफत प्लेअरची झिप आवृत्ती डिस्कवरच एका फोल्डरमध्ये उघडून ठेवा. ती इन्स्टॉल न करता चालते. प्लेलिस्ट एम३यू८ प्रकारात, डिस्कच्या सगळ्यात वरच्या पातळीवर सेव्ह करा. मग ती नोटपॅडमध्ये उघडा. ओळी फोल्डरच्या नावाने सुरू होत असतील तर ठीक. ड्राईव्हच्या अक्षराने होत असतील तर तेवढा भाग खोडून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा. खात्री करायची तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर तात्पुरतं ‘झेड’ करा आणि प्लेलिस्ट वाजवून बघा. इथे वाजली तर सुरतेतही वाजेल.

पोस्टर आणि माहितीसह लायब्ररी हवी असेल तर कोडी हा लायब्ररी सांभाळणारा प्लेअर डिस्कवर इन्स्टॉल करा आणि शॉर्टकटच्या टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह व इंग्रजी पी टाका. मग त्याच्या सेटिंग्ज आणि डेटाबेस डिस्कवरच राहतात. पण त्या डेटाबेसमध्येही पूर्ण पत्तेच असतात. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर डिस्कला ‘एम’ असं लांबचं अक्षर कायमचं द्या, आणि लायब्ररी ‘वेगवेगळ्या फाईली’ हा पर्याय निवडून एक्स्पोर्ट करा. प्रत्येक व्हिडिओशेजारी माहितीची छोटी फाईल तयार होते आणि परक्या कॉम्प्युटरवरचा कोडी ती वाचतो.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडींवर वेळ द्या, त्या दरवर्षी खराब होत जातात. डीव्हीडीवर व्हिडिओचे १ जीबीपर्यंतचे तुकडे असतात. मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम ते दर्जा न घटवता एका एमकेव्ही फाईलमध्ये जोडतो. टीव्हीसाठी तिच्यावरून हँडब्रेक या प्रोग्रॅमने एमपी४ करा: व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी, दर्जाचा आकडा आरएफ २०, आणि डीइंटरलेस चालू. ते विसरलं तर हलत्या माणसांच्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात. एच.२६५ ने जागा वाचते, पण जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो. मूळ एमकेव्ही पुसू नका.

खान्देशात डिस्कचा खरा शत्रू ऊन. पोर्टेबल डिस्क साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गाणी लागतात, तेव्हा जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या आसपास असतो. मोठी कॉपी पहाटे करा. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ४०० जीबीला सव्वा तास लागतो. यूएसबी २ वर साडेतीन तास, म्हणजे तेवढा वेळ डिस्क तापत राहते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान ५५ कडे गेलं की थांबा. टीव्हीच्या बंद कपाटात डिस्क ठेवू नका, आणि पाण्याच्या कुलरच्या झोतातही नको. ती हवा दमट असते. गाडीत गाण्यांसाठी वेगळा पेनड्राईव्ह ठेवा, फिरणारी तबकडी हादरे सोसत नाही.

टीव्हीला लावल्यावर डिस्क टकटक करून बंद पडत असेल तर बहुधा वीज कमी पडते. यूएसबी २ पोर्टला ५०० मिलीअँपियर द्यायचे असतात, यूएसबी ३ ला ९००. आखूड जाड केबल वापरून बघा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरी हवीच. फ्रीफाईलसिंक या दोन डिस्क जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘अपडेट’ निवडा. ‘मिरर’ निवडलं तर मूळ डिस्कवर चुकून पुसलेलं गाणं दुसरीकडूनही पुसलं जातं.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची ओळ बघा. तिथे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा दिसला तर विंडोजचं एरर चेकिंग लगेच चालवू नका, त्या तपासणीत आजारी डिस्क तासन्‌तास फिरते आणि उरलेलंही हातचं जाऊ शकतं. आधी दुसरीकडे नसलेले लग्नाचे व्हिडिओ आणि घरची रेकॉर्डिंग काढून घ्या. बाजारात पुन्हा मिळणारी गाणी शेवटी.