मालवणातले नूतनीकरण केलेले घर सोलापूरकराने कसे पारखावे

सोलापूरची बहुतेक मंडळी मालवण-तारकर्लीला जातात ती दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत, आणि विक्रीला काढलेले, नुकतेच रंगवलेले कौलारू घर नेमके त्याच दिवसांत सर्वांत देखणे दिसते. म्हणून पहिली भेट सुट्टीत झाली, तरी दुसरी जुलैत ठेवावी आणि तोवर विसार देऊ नये.

मधल्या काळात कागद पाहावेत. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि सूची क्रमांक दोनचे (नोंदणी झालेल्या व्यवहारांचा गोषवारा) उतारे सोलापुरात बसून ऑनलाइन पाहता येतात. जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) आणि मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध अहवाल मात्र मालवणातल्याच वकिलाकडून घ्यावा. कोकणातली कौटुंबिक घरे पुष्कळदा अनेक सहहिस्सेदारांच्या नावावर असतात आणि त्यांतले निम्मे मुंबईत असतात. फरशी, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांचा खर्च ज्या भावाने केला तो एकटा मालक ठरत नाही, त्यामुळे बहिणी आणि दिवंगत भावांचे वारस धरून प्रत्येकाची खरेदीखतावर सही मिळणार आहे का, हे विक्रेत्याला स्पष्टपणे विचारावे. ‘त्यांची काही हरकत नाही’ या तोंडी उत्तरावर थांबू नये. घरामागची बाग शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर ती घेण्यासाठी खरेदीदार सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

घर किनाऱ्याजवळ असल्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर त्याची जागा पाहावी. ना-विकास पट्ट्यातल्या, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेल्या भागातल्या, जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मूळ जोत्याच्या आणि क्षेत्रफळाच्या मर्यादेतच करता येते. नूतनीकरणात पाहुण्यांसाठी दोन खोल्या वाढवल्या असतील, तर त्यांची परवानगी कागदावर पाहिल्याशिवाय त्यांची किंमत मोजू नये.

आता जुलैतली भेट. सोलापुरात वर्षभर पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस मालवणात चार महिन्यांत पडतो, आणि माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात वाढलेल्या माणसाची नजर अशा ओलीला सरावलेली नसते. इथल्या जुन्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी चढवली की ओल आतच कोंडते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाला फुगे येतात किंवा पांढरा क्षार फुटतो. कपाटे भिंतीपासून सरकवायला लावावीत. छताला नवे फॉल्स सीलिंग असेल, तर एखादा तक्ता काढून वासे आणि रिपा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाव्यात: वाळवी लागलेले लाकूड पोकळ वाजते आणि टोक सहज आत जाते. स्लॅबचा भाग असल्यास सळयांच्या रेषेत तडे किंवा तांबूस डाग शोधावेत. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात छपराचे काय झाले, हे शेजाऱ्यांना विचारावे. ते विक्रेत्यापेक्षा मोकळेपणाने सांगतात. विहिरीचे पाणी पावसात गोडच लागणार, त्यामुळे त्याची चव मे महिन्यात घ्यावी.

किंमत ठरवताना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची (काढून, साफ करून पुन्हा बसवण्याची) मजुरी आणि घर उघडून वारा देणाऱ्या स्थानिक माणसाचा पगार हिशेबात धरावा. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवूनच मोठी रक्कम द्यावी, आणि शेवटचा हप्ता खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशी, किल्ल्या हाती घेताना द्यावा.