गोष्टीच्या तासाआधी काय काय तयार ठेवावं

गोष्ट निवडताना आधी एवढंच पाहा: हिच्यात मुलांना बोलायला जागा आहे का? ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी एक अडचण, दोन-तीन पात्रं आणि तीन-चार वेळा परत येणारं एखादं वाक्य असलेली गोष्ट घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून ते पालुपद मुलं आपणहून म्हणायला लागतात. एरवी गप्प राहणारं मूलही सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतं, आणि बोलण्याची सुरुवात बरेचदा तिथूनच होते. गोष्ट एकदा मोठ्याने सांगून वेळ मोजा. लहान वयाच्या गटाला ५ ते ७ मिनिटं, मोठ्या वयाच्या गटाला १० ते १२ मिनिटं पुरेत. लांबत असेल तर भरभर सांगू नका, एखादा प्रसंगच गाळा.

मग शब्द निवडून कागदावर लिहा. एका गोष्टीला ३ ते ५ नवे शब्द, त्याहून जास्त नकोत. चित्र दाखवायला सोपं म्हणून नामंच निवडली जातात, पण मुलाचं वाक्य लांबतं ते क्रियापदांमुळे. डोकावणं, घसरणं, कुजबुजणं हे तर अंगाने करून दाखवता येतं. प्रत्येक शब्दाचा सोपा अर्थ एका वाक्यात आधीच ठरवून ठेवा, जसं ‘कुजबुजली, म्हणजे कानाशी अगदी हळू बोलली’, आणि तो ओघातच सांगा. ऐन वेळी अर्थ शोधत बसलात की गोष्टीची लय तुटते आणि मुलांची चुळबुळ सुरू होते.

वस्तू ३-४च घ्या, त्याही पिशवीत झाकून. आधीच मांडल्या तर मुलं ऐकायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत बसतात. चित्रं मागच्या मुलाच्या जागेवर बसून तपासा. ८ ते १२ मुलं अर्धगोलात बसवा, आणि तुमची पाठ खिडकीकडे नको: उजेड मागून आला की तुमचा चेहरा काळवंडतो, ओठ दिसत नाहीत, आणि नव्या शब्दाचा उच्चार मुलं ओठ पाहूनही पकडतात.

प्रश्न कुठे विचारायचे त्या जागा ठरवून ठेवा. एका सांगण्यात तीनच पुरेत. ‘माकड झाडावर चढलं ना?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘माकड झाडावर का चढलं असेल?’ याला वाक्य लागतं. विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. थांबणं ३ सेकंदांवर नेलं तशी मुलांची उत्तरं लांबली. हे मोजणं सरावाने अंगवळणी पाडावं लागतं, नाहीतर शांततेला घाबरून आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

मूल ‘माकड पळाला’ म्हणालं तर ‘पळालं म्हण’ असं टोकू नका. ‘हो, माकड पळालं! घाबरून झाडावर पळालं!’ असं म्हणा. बरोबर रूप कानावर पडतं, वाक्यही वाढतं आणि मुलाचा उत्साह टिकतो. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी त्या ३ ते ५ शब्दांचे त्यांच्या भाषेतले पर्याय पालकांकडून आदल्या दिवशी विचारून घ्या. मुलाने त्या भाषेत दिलेलं उत्तरही उत्तरच आहे.

तीच गोष्ट आठवड्यात तीनदा सांगायची तयारी ठेवा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्या दिवशी गोष्ट जवळजवळ सलग सांगा, दुसऱ्या दिवशी ठरलेले प्रश्न विचारा, तिसऱ्या दिवशी वस्तू मुलांच्या हातात देऊन त्यांनाच सांगू द्या. क्रम चुकला तरी मध्ये पडू नका. फारच अडलं तर ‘मग?’ एवढंच पुरतं.

जवळ एक वही असू द्या. कोणी नवा शब्द आपणहून वापरला, कोण एकदाही बोललं नाही, हे तास संपताच लिहा. दुपारपर्यंत ते आठवत नाही. न बोललेल्या मुलाला पुढच्या वेळी शेजारी बसवून पिशवीतली पहिली वस्तू त्यालाच काढायला सांगा.