पंपाचा शाफ्ट एकाच जागी का तुटत होता (माझा अनुभव)

बेळगावच्या उद्यमबागेत आमची ॲल्युमिनियमची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) हाय, वितळलेला धातू एका भट्टीतनं दुसऱ्या भट्टीत न्यायला पंप लावलाय आणि त्याचा ग्रॅफाइटचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, सारखा तुटायचा. सप्लायर म्हणाला सरळ स्टीलचा घाला, पण मला ते पटलं नाही कारण ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं आणि तसं वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडाला हळूहळू खातंच, वर ते लोखंड धातूत मिसळून कास्टिंग (ओतून केलेला भाग) ठिसूळ होतं.

तुटलेला शाफ्ट हातात घेऊन बघितला तर बुडणारा भाग चांगला जाड, वरचाही ठीक, फक्त जिथं धातू संपून हवा लागते तिथंच चोखलेल्या उसासारखा बारीक झालेला. तापलेल्या ग्रॅफाइटला हवा मिळाली की ते जळतं ओ, दुसरं काय नाही. म्हणून तेवढ्याच पट्ट्यावर सिरॅमिकची स्लीव्ह (नळीसारखं कवच) बसवून घेतली, आरपीएम म्हणजे फिरायचा वेग पण कमी केला, नाहीतर भोवरा होऊन धातूवर तरंगणारी मळी आत ओढली जाते. आता शाफ्ट टिकायलाय. विद्युतचुंबकीय पंपात धातूत फिरणारा भागच नसतो, चांगलाच प्रकार, पण आमच्यासारख्या छोट्या युनिटला झेपत नाही.

आणि एक, पंप धातूत सोडायच्या आधी नीट तापवून कोरडा कराच, आपल्याकडं पावसाळ्यात ओल फार, ओलसर ग्रॅफाइट आत गेलं तर वाफ होऊन धातू अंगावर उडतो.