हद्दीवरच्या झाडाचा वाद: कोयता हाती घेण्यापूर्वी या चुका टाळा

शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या कौलांवर येते, पन्हळ पाल्याने तुंबते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि एखाद्या रविवारी सकाळी आपण गडी बोलावून ती फांदी उतरवून घेतो. संध्याकाळी शेजारी गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, येऊन उभा राहतो, आवाज चढतात, आणि पुढची कित्येक वर्षे एका घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे दुसऱ्या घरी जात नाही. कोकणातल्या वाडीपासून पुण्यातल्या बंगल्यांच्या सोसायटीपर्यंत ही गोष्ट फारशी बदलत नाही. आधी हद्द पाहावी, मग बोलावे, मग लागेल ती परवानगी घ्यावी आणि सर्वांत शेवटी कोयता उचलावा, हा क्रम कोणालाही पटतो. प्रत्यक्षात मात्र तो बहुधा शेवटाकडून सुरू होतो.

गडगा म्हणजेच हद्द असे मानणे

फांदी कोणाची हे झाडाचा बुंधा जमिनीतून कोठे वर येतो त्यावरून ठरते, आणि बुंधा नेमका रेषेवर असेल तर ते झाड दोघांचे सामाईक मानले जाते. त्यामुळे रेषा कोठे आहे हा पहिला प्रश्न होय. आजोबांच्या काळी रचलेला जांभ्याचा गडगा अनेकदा स्वतःच्या जमिनीत हातभर आत घातलेला असतो, कधी पाण्याला वाट म्हणून, तर कधी पलीकडून दगड रचायला शेजाऱ्याने पाय ठेवू दिला नाही म्हणून. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, हद्दीची रेघ नसते. ती हवी असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उप अधीक्षकांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, मोजणीदार येऊन खुणा दाखवतो आणि अर्जदाराला नकाशाची 'क' प्रत मिळते. गावठाणातील किंवा शहरातील जागेसाठी मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा पाहावा.

जुन्या भाऊबंदकीच्या जमिनीत आणखी एक गुंता असतो. जमीन एकाच्या नावावर आणि त्यातली काही झाडे दुसऱ्याच्या हक्काची, अशा वाटण्या झालेल्या आढळतात. तेव्हा सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना आणि वाटणीपत्र वाचल्याशिवाय 'झाड माझे' किंवा 'झाड तुझे' असे ठामपणे म्हणू नये. माझ्या मते यातल्या निम्म्या भांडणांची हवा हा एवढा कागद पाहूनच निघून जाईल, पण कागद पाहण्यापेक्षा भांडणे स्वस्त वाटते, त्याला काय करणार?

अर्ध्या नियमावर विसंबणे

'आपल्या हद्दीत आलेली फांदी आपण तोडू शकतो' हे वाक्य सर्वांना पाठ असते, आणि ते खोटेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात हाच निर्णय दिला, आणि आपल्याकडेही उपद्रव दूर करण्याचे ते तत्त्व सामान्यतः मानले जाते. अडचण अशी की या नियमाचा उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही. छाटणी हद्दीच्या रेषेपर्यंतच करता येते, तिच्या पलीकडे वीतभरही नाही. ती आपल्या बाजूला उभे राहूनच करावी लागते. शेजाऱ्याच्या आवारात त्याच्या मर्जीविरुद्ध शिरून झाडावर माणूस चढवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खालील फौजदारी अतिक्रमणाची, आणि झाडाचे मुद्दाम नुकसान केले तर कलम 324 खालील आगळिकीची तक्रार होऊ शकते. तोडलेले लाकूड आणि त्यावरची फळेही झाडाच्या मालकाचीच राहतात. पडीचा आंबा उचलल्यावरून कोणी कोर्टात जात नाही हे खरे, पण फणसाच्या फांदीचा ओंडका परस्पर विकला म्हणून बोलाचाली झालेली मी स्वतः ऐकली आहे.

याहून मोठी गफलत परवानगीची आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या क्षेत्रात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो, आणि त्यात 'झाड तोडणे' या शब्दांच्या व्याख्येत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सर्व येते. म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध आपला हक्क शाबूत असला, तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी न घेता मोठी फांदी उतरवली, तर आपण शेजाऱ्याचे नव्हे, शासनाचे आरोपी होतो. झाड स्वतःचे असले तरीही हाच नियम आहे, हे कित्येकांना नोटीस हातात पडल्यावर कळते. मुंबईत तर पावसाळ्यापूर्वी खासगी आवारातील धोकादायक फांद्या छाटून घ्याव्यात म्हणून महापालिका अधिनियम, 1888 च्या कलम 383 खाली सोसायट्यांना नोटिसा दिल्या जातात, आणि त्या छाटणीलाही परवानगी लागतेच.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा 1975 चा कायदा नाही, म्हणून तेथे मोकळे रान आहे असेही नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, हिरडा अशी परसात हमखास भेटणारी झाडे आहेत आणि ती तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक आहे. माड या यादीत नाही. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा; मे अखेरीस दिलेल्या अर्जावर पाहणी होईपर्यंत मृगाचा पाऊस येऊन ठेपतो. अर्जासोबत झाडमालकाची लेखी संमती असेल तर काम पुष्कळ सोपे होते, आणि म्हणूनच बोलणे आधी, अर्ज नंतर.

माडाला आंब्याचा न्याय लावणे

माडाला फांदी नसते आणि त्याचा वाढीचा कोंब शेंड्याला एकच असतो. तो छाटला की माड मेला. कललेल्या माडाबद्दलची मागणी 'शेंडा उडवा' अशी असू नये, तर वाळल्या झावळ्या आणि तयार नारळ वेळच्या वेळी उतरवून घेण्याची असावी. चांगला माड महिन्याला साधारण एक झावळ टाकतो, म्हणजे वर्षाला बारा-तेरा वेळा काहीतरी खाली येणारच. माडावर चढून ते उतरवणाऱ्या पाडेल्याची मजुरी कोणी द्यायची हे एकदा ठरवून टाकले, तर उरलेला वाद नारळांच्या वाटणीपुरता राहतो.

एकाच बाजूने भादरणे

ही चूक आमच्याच घरची आहे. आमच्या फणसाच्या दोन जाड फांद्या शेजारच्या काकांच्या मांगरावर, म्हणजे आवारातल्या खोपटावर, जात असत. त्यांनी दोनदा सांगितले, आणि तिसऱ्या वेळी आम्ही काहीशा रागानेच त्या बाजूच्या सगळ्या फांद्या बुंध्याला लागून उतरवल्या. वरून एकच घाव घातल्याने पहिली फांदी मोडताना बुंध्याची साल हातभर सोलत खाली आली. त्या जखमेत पाणी मुरले, कूज धरली, आणि दोन वर्षांनी आषाढातल्या वाऱ्यात सगळा भार ज्या बाजूला उरला होता त्या बाजूला, म्हणजे आमच्याच गोठ्यावर, झाड कोसळले. जनावरे बाहेर होती म्हणून वाचली. काका दुसऱ्या दिवशी स्वतः करवत घेऊन मदतीला आले आणि मांगराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, याची लाज मला अजून वाटते.

जाड फांदी तीन घावांत काढावी. पहिला काप बुंध्यापासून सुमारे फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घ्यावा. दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरून घ्यावा, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवून उतरवावा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, दहा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडी बादलीत कधीही नाही. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. मोहोराच्या तोंडावर फांदी गेली की मालकाचे त्या वर्षीचे पीक जाते आणि भांडण भरपाईवर येते.

गडगा ढकलणाऱ्या मुळांनाही हेच लागू आहे. एका बाजूची जाड मुळे बुंध्यालगत तोडणे म्हणजे झाडाचा एक पाय काढून घेणे होय.

बुंध्यात हिंग भरणे

रात्री बुंध्याला भोक पाडून हिंग, मोरचूद किंवा आम्ल भरण्याचा चोरटा उद्योग गावोगावी ऐकू येतो. इजा करणे हाही गुन्हा आहे ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी वाळून उभे राहिलेले झाड हिरव्यापेक्षा अधिक ठिसूळ असते, आणि ते ज्याच्या छपरावर झुकलेले असते त्याच्यावरच पडते.

तक्रार तोंडीच ठेवणे

वादळात झाड पडले तर मालक दैवी आपत्तीकडे बोट दाखवतो आणि बहुधा सुटतो. पण फांदी कुजली आहे किंवा बुंध्याला भेग पडली आहे हे त्याला आधी लेखी कळवलेले असेल, तर तो बचाव लंगडा पडतो. म्हणून पहिले बोलणे समोरासमोर, शक्य तर झाडाखाली उभे राहून करावे. त्यातून काही निघाले नाही, तर तारखेचे छोटे पत्र, सोबत छायाचित्रे, आणि ते पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. पत्रात दोषारोप नको. कोणती फांदी, कोणता धोका, कधीपर्यंत काय करावे आणि खर्चाचा आपला वाटा किती, एवढेच लिहावे. प्रत शहरात वृक्ष अधिकाऱ्याला, गावात ग्रामपंचायतीला द्यावी. गावातली तंटामुक्त समिती कार्यरत असेल तर प्रकरण तेथे न्यावे. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, पण तेथेही बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी आणि मोजणी होते, म्हणजे सुरुवातीला टाळलेले कामच शेवटी कोर्टाच्या खर्चाने करावे लागते.

आणि नवीन झाड लावताना टेप सोबत ठेवावी. माडासाठी साडेसात मीटर आणि आंबा-फणसासाठी दहा मीटर अंतर दोन झाडांत राखतात. त्याच्या निम्मे तरी अंतर हद्दीपासून सोडावे. आमचा नवा फणस गडग्यापासून साडेपाच मीटरवर आहे. अंतर काकांनीच मोजून दिले.