ट्रान्सफरचा चान्स किती? टक्केवारीआधी सीट कुठून येते ते बघा

नाशिकला बारावी सायन्स करून मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त सरकारी कॉलेज) आले आणि तिथून ट्रान्सफर होऊन, म्हणजे उरलेली डिग्री दुसरीकडे पूर्ण करायला, युसी डेव्हिसला (युसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिचा डेव्हिसचा कॅम्पस) स्टॅटिस्टिक्सला गेले. त्यामुळे नातेवाईक, त्यांचे शेजारी, कुणाकुणाचे फोन येतात. ट्रान्सफरने हार्वर्ड मिळेल का, बर्कलीचा चान्स किती टक्के, आमच्या मुलाचा जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) एवढा आहे तर होईल का. एका आकड्यात याचं उत्तर खरंच देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी सीट येते कुठून ते बघा. मोठ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला आलेली मुलं सहसा सोडून जातच नाहीत, मग जागा रिकामी होणार कशी? येल स्वतःच सांगतं की ट्रान्सफरचे हजाराच्या वर अर्ज येतात आणि जागा असतात २० ते ३०. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं, २०१८ मध्ये परत सुरू केलं तेव्हा १,४२९ अर्जांतून १३ जणांना घेतलं, आणि भर कुणावर, तर सैन्यातून आलेले, कम्युनिटी कॉलेजमधले, कमी उत्पन्नाच्या घरातले. फ्रेशमनला, म्हणजे फर्स्ट इयरच्या प्रवेशाला, रिजेक्ट झालो म्हणून वर्षभराने त्याच दारातून परत आत जाऊ असा प्लॅन करणाऱ्यांनी हे आकडे आधी बघावेत. अर्ज जरूर करा, पण त्याच्या भरवशावर आत्ताच्या कॉलेजात मन न लावता बसू नका, कारण ग्रेड घसरल्या की बाकीच्या जागाही हातच्या जातात.

प्रायव्हेटमध्ये सगळीकडे असंच आहे असं नाही हां. कॉर्नेल दरवर्षी शेकड्यांनी ट्रान्सफर घेतं, युएससी (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) तर हजाराच्या वर. कुठल्याही कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेज स्वतः जाहीर करतं तो आकड्यांचा तक्ता) काढा आणि त्यातला डी सेक्शन बघा, किती जणांनी अर्ज केला, किती घेतले, त्यातले किती प्रत्यक्ष आले, सगळं तिथे असतं. कन्सल्टंटला पैसे द्यायच्या आधी हे दहा मिनिटांचं काम करा.

कॅलिफोर्नियाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून (राज्याचा उच्च शिक्षणाचा आराखडा) राज्याने ठरवूनच ठेवलंय की कम्युनिटी कॉलेजमधून पोरांनी वर युसीत जायचं, म्हणजे ट्रान्सफरच्या जागा कुणी सोडून गेल्यामुळे तयार होत नाहीत, त्या आधीपासून धरलेल्या असतात. म्हणूनच युसीएलएला (युसीचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस) फ्रेशमनचा दर ९ टक्क्यांच्या आसपास असताना ट्रान्सफरला साधारण चारातल्या एकाला घेतात. पण इथेच लोक फसतात. त्या घेतलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजमधले असतात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला बसून अर्ज करणाऱ्याला तो चारात एक लागू होत नाही.

आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय! युसीएलएला कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफरचा दर एक आकडी टक्क्यांत आहे, हिस्ट्रीला तोच कितीतरी वर. युसीच्या साइटवर मेजरप्रमाणे दर आणि घेतलेल्यांचा जीपीए दोन्ही मिळतं, त्यामुळे कॉलेजचा सरसकट दर घेऊन बसण्यात अर्थ नाही. सोप्या मेजरला घुसू आणि आत गेल्यावर सीएसला बदलू हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, तो ऐकू नका, बऱ्याच ठिकाणी आत गेल्यावर ते दार बंदच असतं.

आता रोजच्या कामाचं, असिस्ट डॉट ऑर्ग, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स युसीत धरला जातो ते सांगणारी साइट. ही साइट मी दर क्वार्टरला (साधारण तीन महिन्यांच्या सत्राला) उघडायचे. तुमचं कॉलेज, युसी आणि मेजर निवडलं की दोन रकाने येतात, डावीकडे युसीचा कोर्स, उजवीकडे त्याला तुमच्या कॉलेजातला कुठला चालतो ते, आणि काही ठिकाणी नुसतंच लिहिलेलं असतं की असा कोर्स नाही. माझ्या कॉलेजात कॅल्क्युलसची सिरीज अनेक क्वार्टरची होती आणि पूर्ण सिरीज केली तरच ती समोरच्या कोर्सेसना धरली जायची, अर्धी इथे अर्धी दुसऱ्या कॉलेजात केली तर हिशोब बिघडतो, म्हणून सिरीज एकाच ठिकाणी संपवा. टेक्निकल मेजरवाल्यांनी जनरल एज्युकेशनच्या (सगळ्यांना लागणाऱ्या इतर विषयांच्या) आधी मेजरचे कोर्सेस उरकावेत, अर्ज वाचणारे तेच आधी बघतात. ३.९ जीपीए आहे पण लिनिअर अल्जिब्रा राहिलंय, अशी मुलं अडकलेली मी पाहिलीत आणि खूप वाईट वाटतं, कारण मेहनत कुठे कमी नव्हती.

टॅग म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, अटी पूर्ण केल्या तर जागा पक्की. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, एवढे सहाच कॅम्पस देतात, बर्कली, युसीएलए आणि सॅन डिएगो नाही. सहापैकी एकाच ठिकाणी भरता येतो, सप्टेंबर महिन्यातच, आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात ते आधी तपासा. मी डेव्हिसचा भरला होता. हातात एक पक्की जागा असली ना की नोव्हेंबरात बाकीचे निबंध लिहिताना जीव शांत असतो. निबंध चार, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, त्यातला मेजरची तयारी कशी केली हा सगळ्यांना कंपल्सरी, त्यात 'लहानपणापासून आवड' वगैरे नको, कुठला कोर्स केला, त्यातून काय सुचलं, पुढे काय केलं तेवढं लिहा. आणि जानेवारीतला ॲकॅडेमिक अपडेट (ताज्या ग्रेड आणि कोर्सेस कळवायचा फॉर्म) भरायला विसरू नका.

पैशाचं घरी आधी मोकळेपणी बोला. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर युसीत नेहमीच्या फीच्या वर वर्षाला ३० हजार डॉलरपेक्षा जास्त नॉन-रेसिडेंट ट्यूशन (राज्याबाहेरच्यांची जादा फी) पडते. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांत वाचलेले पैसे इथे कामी येतात, पण पुढची दोन वर्षं स्वस्त नाहीत, आईबाबांना हे ॲडमिशन झाल्यावर कळू नये.

निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो. ॲडमिशन मिळालं म्हणून शेवटची टर्म सैल सोडू नका, ठरवून दिलेले कोर्स किंवा ग्रेड राहिल्या तर दिलेली जागा काढून घेतात. एफ-१ वाल्यांनी होकार दिल्याबरोबर जुन्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला सांगून सेव्हिस रेकॉर्डची (अमेरिकन सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) रिलीज डेट, म्हणजे ती नव्या कॉलेजकडे जायची तारीख, ठरवून घ्या, तो रेकॉर्ड सरकल्याशिवाय नवीन कॉलेज ट्रान्सफरचा आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) देत नाही, आणि उन्हाळ्यात भारतात यायचं तिकीट त्यानंतरच काढा.