अनोळखी डच गृहस्थाचे तैलचित्र कसे तपासावे

बडोद्यातील एखाद्या जुन्या वाड्यात केसांचा टोप घातलेल्या युरोपीय गृहस्थाचे तैलचित्र निघाले आणि ते अठराव्या शतकातील डच असल्याचे कुणी सांगितले, तर ‘हा कोण?’ हा प्रश्न लगेच विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. चित्राचा काळ ठरल्याशिवाय नावाचा शोध भरकटतो, आणि एकदा एखादे भारदस्त नाव चिकटले की ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही.

तपासणीपूर्वी एक सकाळ कमाटीबागेतील संग्रहालयाच्या चित्रदालनात घालवावी. सयाजीराव महाराजांसाठी मॅरियन स्पीलमन या कलासमीक्षकाने निवडलेली युरोपीय चित्रे पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडातच अडकून पडली होती आणि दालन १९२१ मध्ये खुले झाले. जुने व्हार्निश कसे पिवळे पडते आणि रंगाच्या थरावर तडे कसे जातात, हे अस्सल चित्रांसमोर उभे राहूनच डोळ्यांत भरते.

चित्र ओल्या फडक्याने, लिंबाने किंवा बटाट्याच्या फोडीने कधीही पुसू नये. असे उपाय अजूनही सांगितले जातात आणि त्यांनी रंगाचे कायमचे नुकसान होते. रंगाचे पापुद्रे सुटत नसतील, तरच दोघांनी मिळून चित्र मऊ, स्वच्छ कापडावर पालथे ठेवावे आणि मागची बाजू वाचावी. हातमागाच्या जवसी (लिनन) कापडाचे धागे असमान असतात. नावापुढे ‘पिन्क्सिट’ (‘रंगवले’ या अर्थाचा लॅटिन शब्द) असल्यास ते चित्रकाराचे नाव समजावे. ‘एटाटिस’ या शब्दासोबतचा आकडा चित्रातील व्यक्तीचे वय सांगतो. मागे दुसरे कापड चिकटवलेले असेल, तर मूळ मजकूर त्याखाली दडलेला असू शकतो. मेण आणि राळ वापरून असे अस्तर लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये रुळली; त्यामुळे मागचे कापड नवे दिसले, तरी चित्र नवे ठरत नाही.

काळाचा सर्वांत बोलका पुरावा पोशाखात असतो. खांद्यांवर रुळणारा भरघोस कुरळा टोप शतकाच्या पहिल्या काही दशकांकडे निर्देश करतो. आखूड, पावडर लावलेला आणि मागे बांधलेला टोप मध्यावरचा. स्वतःचेच केस मोकळे दिसले, तर १७९० च्या आसपासचा विचार करावा. मात्र वयस्क माणसे तरुणपणीचीच फॅशन चालू ठेवत, म्हणून एकट्या टोपावर विसंबू नये. कोटाच्या बाह्यांचे रुंद पालव (कफ) उत्तरोत्तर अरुंद होत गेले, तेही पडताळावे. गृहस्थाने सैल झगा घातला असेल, तर त्याचे कापड भिंगाखाली अवश्य पाहावे. डच लोक त्याला ‘जपानी झगा’ म्हणत. परंतु तो कित्येकदा भारतीय चिटाचाही असे. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या शेजारच्या सुरतेलाही होती, आणि चिटावरच्या वेलबुट्टीची जाण बडोद्यातील वाचकाला उपजतच असल्याने या ठिकाणी त्याची नजर उपयोगी पडेल.

यानंतर अंधाऱ्या खोलीत बाजूने तिरपा उजेड टाकून रंगाचे उंचवटे पाहावेत. अतिनील दिव्याखाली जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर केलेली रंगाची डागडुजी काळपट दिसते. प्रयोगशाळेत रंग तपासता आला, तर प्रशियन निळा सापडल्यावर चित्राचा तो भाग अठराव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही, असे म्हणता येते. टायटॅनियमचा पांढरा सापडला, तर ते काम विसाव्या शतकातील समजावे.

गृहस्थ पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेला असेल, तर त्याच्या पत्नीचे जोडचित्र कुठेतरी असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी, कारण अशा जोडीत पतीचे चित्र बहुधा डावीकडे टांगत. चित्रात कुलचिन्ह असेल, तर नावाचा शोध तिथून सुरू करावा. हॉलंडमध्ये सरदारांखेरीज सामान्य व्यापारी घराणीही कुलचिन्ह वापरत.

मग पुढच्या आणि मागच्या बाजूचे छायाचित्र, सेंटिमीटरमधील मापे आणि सापडलेला मजकूर घेऊन हेग येथील आरकेडी या कलेतिहास संस्थेच्या खुल्या चित्रसंग्रहाशी तुलना करावी. कॉर्नेलिस ट्रोस्ट किंवा टिबाउट रेख्तर्स या अठराव्या शतकातील डच चित्रकारांच्या कामाशी साम्य दिसले, तरी नोंदीत ‘डच, चित्रकार अज्ञात’ एवढेच लिहावे. ही नोंद कॅनव्हासवर चिकटवू नये. जाड कागदावर पेन्सिलीने लिहून सुती दोऱ्याने चौकटीला बांधावी.